‘कोणाबरोबर जातेयस?’ : परदेशात एकटीने समुद्र, शहर आणि सण

परदेशात फिरायला जातेय असं घरी सांगितलं की पहिला प्रश्न ‘कुठे?’ हा नसतो. पहिला प्रश्न असतो, ‘कोणाबरोबर?’ आणि उत्तर ‘एकटीच’ असं असेल तर फोनवर थोडा वेळ कोणीच काही बोलत नाही. मुलगा असेल तर प्रश्न जरा वेगळा, ‘का रे, कोणी मित्र मिळाला नाही का?’ काळजी मात्र दोन्हीकडे तीच.

हा प्रश्न आजचा नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. निघण्याआधी फेब्रुवारीत बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्यांनी भाषण केलं आणि लोक विचारत असलेल्या प्रश्नांना एकेक करून उत्तरं दिली. त्यातला एक प्रश्न होता, ‘एकटी का जातेस?’ त्यांचं उत्तर अगदी घरगुती होतं. दोघांनी मिळून जायचा विचार होता, पण तेवढे पैसे नव्हते आणि गोपाळरावांच्या मागे घरच्या माणसांची जबाबदारी होती. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. बोटीवर ओळखीच्या मिशनरी बायका होत्या, घरचं कोणीच नव्हतं.

त्यानंतर शंभर वर्षांनी आपल्या मराठी घरांत एकटीच्या प्रवासाची ओळख करून दिली ती मीना प्रभु यांनी. पेशाने डॉक्टर, राहायला लंडनला, आणि लिहायच्या मराठीत. ‘दक्षिणरंग’, ‘मेक्सिकोपर्व’, ‘तुर्कनामा’, ‘गाथा इराणी’ ही त्यांची पुस्तकं तुमच्याही घरात असतील. पुण्यात त्यांनी ‘प्रभु ज्ञानमंदिर’ हे ग्रंथालय उभारलं. मार्च २०२५ मध्ये त्या गेल्या. कित्येक आयांनी आणि आज्यांनी इराण आणि मेक्सिको पाहिला तो त्यांच्याच पुस्तकांतून.

मी हे लिहितेय ते बेळ्ळंदूरमधून. इथल्या पीजींमध्ये बेळगाव, कोल्हापूर, सोलापूरहून आलेल्या कितीतरी मुली राहतात. रात्रीच्या बसने एकटीने येणं, न येणाऱ्या भाषेत रिक्षावाल्याशी घासाघीस करणं, पहिल्याच आठवड्यात चांगलं जेवण कुठे मिळतं ते शोधून काढणं, हे सगळं त्यांनी केलेलं असतं. म्हणजे एकटीने प्रवास करायची अर्धी तालीम झालेलीच असते. उरलेली अर्धी कशी करायची, ते आज पाहू.

एक गोष्ट आधीच सांगते. ‘सोलो ट्रिप’ हा शब्द एक असला तरी एकटं असणं प्रत्येक ठिकाणी सारखं नसतं. समुद्रात एकटं उतरायचं नाही. शहर एकट्यानेच फिरावं. आणि सणाला गेलात तर लोक तुम्हाला एकटं राहू देणार नाहीत. हा फरक समजला की निम्मी भीती कमी होते.

समुद्र : इथे एकटं उतरायचं नाही

परदेशातल्या समुद्रकिनाऱ्याचे फोटो पाहून आपण तिकीट काढतो, पण फोटोत पाण्याचा ओढा दिसत नाही. लाटांबरोबर किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने मागे खेचलं जातं. गंमत अशी की हा पट्टा वरून शांत दिसतो. तिथे लाटा कमी फुटतात, पाणी जरा गडद असतं, आणि पोहता न येणारा माणूस नेमका तिथेच उतरतो, कारण बाकी ठिकाणी लाटा मोठ्या असतात.

अशा ओढ्यात सापडलात तर एवढं लक्षात ठेवा. तो तुम्हाला खाली ओढत नाही, बाहेर नेतो. त्याच्याशी झुंजत सरळ किनाऱ्याकडे यायचा प्रयत्न केला की माणूस दमतो, आणि धोका त्या दमण्यातच असतो. घाबरून न जाता उताणं तरंगायचं, हात वर करून मदत मागायची. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं आणि मगच किनाऱ्याकडे वळायचं.

बहुतेक मोठ्या किनाऱ्यांवर झेंड्यांची भाषा सारखीच असते. लाल-पिवळे दोन झेंडे लावलेले असतील तर त्या दोन झेंड्यांच्या मधल्या भागावर जीवरक्षकांचं लक्ष असतं. पाण्यात उतरायचं ते तेवढ्याच भागात. लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही. गोव्यात हे झेंडे तुम्ही पाहिले असतील, ऑस्ट्रेलियातल्या बाँडाय बीचवरही तेच दिसतात.

दुसरी गोष्ट ऋतूची. आपल्याकडे पावसाळा कधी असतो ते आपल्याला माहीत असतं, पण एकाच देशाच्या दोन किनाऱ्यांवर तो वेगवेगळ्या महिन्यांत असू शकतो. श्रीलंकेत उनावटुना, मिरिस्सा हा नैर्ऋत्येचा किनारा डिसेंबर ते मार्च छान असतो, तर पूर्वेकडचं त्रिंकोमाली आणि अरुगम बे साधारण एप्रिल ते सप्टेंबर. थायलंडमध्ये फुकेत आणि क्राबीच्या बाजूला मे ते ऑक्टोबर समुद्र खवळलेला असतो, तर को सामुईला जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. स्वस्त तिकीट दिसलं की आधी हे तपासा. ते बऱ्याचदा याच कारणाने स्वस्त असतं.

एकटं असताना आणखी एक प्रश्न येतो. पाण्यात गेल्यावर सामान कोण सांभाळणार? पासपोर्ट आणि जास्तीचे पैसे मुक्कामाच्या ठिकाणीच ठेवा. किनाऱ्यावर जाताना थोडे सुटे पैसे आणि फोन एवढंच न्या, तेही गळ्यात अडकवायच्या वॉटरप्रूफ पाउचमध्ये. जिथे लहान मुलांना घेऊन कुटुंबं बसली आहेत तिथे बसा. ‘जरा लक्ष ठेवाल का?’ हे हाताच्या खुणेनेही विचारता येतं. आणि निघताना गेस्ट हाउसच्या मालकीणबाईंना ‘अमुक किनाऱ्यावर चाललेय, अमुक वाजता येते’ एवढं सांगून जा.

समुद्रावर एकट्याने जाण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या जवळचंच आहे. नौदलाचे कॅप्टन दिलीप दोंदे शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. १९ ऑगस्ट २००९ ला ते मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० ला परत आले. वाटेत चारच थांबे होते : फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केप टाउन. पण या ‘एकट्या’ प्रवासामागे तीन वर्षांची तयारी होती. त्यांची ‘म्हादेई’ ही बोट गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी बांधली. सगळ्यात आधी न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे जाऊन दोंदे शिकून आले. एकट्याने जाणारा माणूस किती जणांना विचारून जातो, ते यातून कळतं.

शहर : इथे एकटंच फिरा

ग्रुपने शहर पाहायला गेलं की अर्धा वेळ ‘आता कुठे जेवायचं’ यात जातो. एकाला म्युझियम नको असतं, दुसरीला शॉपिंगच हवी असते. एकट्या माणसाला हा प्रश्नच नसतो. एका चित्रासमोर अर्धा तास उभं राहायचं असेल तर राहा. कंटाळा आला तर बागेत जाऊन बसा. कोणी तोंड वाकडं करणार नाही.

काही शहरं तर एकट्या माणसासाठीच बनवल्यासारखी वाटतात. टोकियोत कितीतरी छोट्या खाणावळींत टेबलांऐवजी काउंटर असतो. लोक एकेकटे येतात, खातात, निघून जातात. गर्दीच्या वेळी तिथल्या बऱ्याच लोकलमध्ये बायकांचा वेगळा डबा असतो, मुंबईकर मुलीला एकदम घरच्यासारखं वाटेल. इस्तंबूलमध्ये साध्या फेरीबोटीच्या तिकिटात तुम्ही युरोपातून आशियात जाता. त्यासाठी टूर घ्यायची गरज नाही, रोज कामावर जाणाऱ्या लोकांच्या बोटीत बसायचं.

सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छताखाली भरपूर टपऱ्या असलेल्या खाऊबाजारात, एकट्या माणसाची खरी अडचण होते. खायला आणायला उठलं की जागा जाते. त्यावर तिथल्या लोकांचा तोडगा आहे. टेबलावर टिश्यू पेपरचं छोटं पाकीट ठेवायचं, मग ती जागा तुमची. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणाऱ्या आपल्या लोकांना हे शिकवायला लागत नाही! या हॉकर संस्कृतीला २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं आहे.

शाकाहारी असाल तर एक उपयोगाची गोष्ट. थायलंडमध्ये नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर भाजीत माशाचा सॉस येऊ शकतो. तिथे ‘जे’ हा शब्द वापरा. ‘जे’ जेवणात मांस, मासे, अंडी, दूध काहीच नसतं, कांदा-लसूणही नसतो. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात हा शब्द लिहिलेला दिसला की निर्धास्त जा.

शहरात एकटं फिरताना पाळायचे काही साधे नियम :

• पहिल्यांदा जाताना विमान दिवसा उतरेल असं पाहा. नवं शहर रात्री भीतीदायक वाटतं, सकाळी तेच साधं दिसतं.

• पहिल्या दोन रात्रींचं बुकिंग आधी करा. पुढचं तिथे जाऊन ठरवलं तरी चालतं.

• दोन कार्डं दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. एक हरवलं तर दुसरं हाताशी हवं.

• नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा आणि मुक्कामाचा पत्ता तिथल्या लिपीत फोनमध्ये ठेवा. टॅक्सीवाल्याला दाखवता येतो.

• बँकॉकमध्ये रस्त्यात कोणी गोड बोलून ‘आज राजवाडा बंद आहे, मी दुसरीकडे नेतो’ म्हणालं तर हसून पुढे चालू लागा. ही फार जुनी फसवणूक आहे. तिकीट खिडकीपर्यंत जाऊन स्वतः पाहा.

• मन नाही म्हणत असेल तर कारण शोधत बसू नका. उठा आणि निघा. कोणाला वाईट वाटेल याचा विचार घरी आल्यावर करा.

सण : इथे तुम्हाला कोणी एकटं राहू देणार नाही

माझी पहिली एकटीची परदेशवारी श्रीलंकेची. बंगळूरहून कोलंबोला विमान साधारण दीड तासात पोहोचतं. कधीकधी बेळ्ळंदूरहून विमानतळावर जायलाच त्याहून जास्त वेळ लागतो! मी मुद्दाम मे महिन्यात गेले, कारण मला वेसाक पाहायचा होता. वेसाक म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा. त्या दिवसांत त्या बाजूचा समुद्र खवळलेला असतो हे माहीत होतं, म्हणून पोहायचा बेत ठेवलाच नव्हता. कोलंबो ते गॉल रेल्वे बराच वेळ समुद्राच्या अगदी काठाने जाते. समुद्र खिडकीतूनच पाहिला आणि पोटभर पाहिला.

वेसाकला शहरभर कागदाचे आकाशकंदील लागतात. जातककथांची चित्रं रंगीत दिव्यांनी उजळलेल्या उंच कमानी उभ्या राहतात. आणि रस्त्यारस्त्यावर ‘दन्सल’ लागतात, म्हणजे येईल त्याला फुकट खाऊपिऊ घालायचे मांडव. वारीच्या वाटेवर गावोगावचे लोक वारकऱ्यांना बोलावून जेवू घालतात, अगदी तसंच. कुठे भात, कुठे सरबत, कुठे आइस्क्रीम. मी बाजूला उभी राहून फोटो काढत होते, तर रांगेतल्या एका आजींनी माझा हात धरून मला त्यांच्या पुढे उभं केलं. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. मला सिंहलीतला एकच शब्द येत होता, ‘इस्तुती’, म्हणजे धन्यवाद. आपला ‘स्तुती’च तो. त्यांनी मला बोटांवर मोजून शिकवलं, ‘एक, देक, तुन, हतर, पह’. पाचपर्यंत येईस्तोवर आमचा भात आला होता.

त्या रात्री घरी फोन केला तेव्हा बाबांनी विचारलं, “जेवलीस का? कोणाबरोबर?” मी म्हटलं, “निदान दोनशे लोकांबरोबर.” बाबा हसले. मी निघाल्यापासून त्यांचं हसू मी पहिल्यांदाच ऐकलं.

सणाच्या दिवसांत लोक दार उघडं ठेवतात. पाहुणा अनोळखी असला तरी चालतो. म्हणून एकट्या प्रवाशाने तारखा ठरवताना आधी तिथले सण पाहावेत. आपल्याला जवळचे वाटतील असे काही सण :

सोंगक्रान, थायलंड (१३ ते १५ एप्रिल). हा शब्द आपल्या ‘संक्रांती’वरून आला आहे. सूर्य मेष राशीत जातो तेव्हा त्यांचं पारंपरिक नवं वर्ष. रस्त्यांवर रंगपंचमीसारखी पाण्याची धमाल असते, पण घरात धाकटी माणसं मोठ्यांच्या हातांवर सुगंधी पाणी घालून आशीर्वाद घेतात. फोनला वॉटरप्रूफ पाउच आणि अंगावर जाड, गडद रंगाचे कपडे हवेत.

न्येपी, बाली. बालीतलं शक वर्ष आणि आपलं शालिवाहन शक दोन्ही इसवी सन ७८ पासून मोजलं जातं. २०२३ मध्ये तर न्येपी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी, २२ मार्चला होते. आपण गुढी उभारतो, श्रीखंड खातो. ते चोवीस तास पूर्ण शांतता पाळतात. दिवे नाहीत, वाहनं नाहीत, विमानतळसुद्धा बंद. पर्यटकांनाही हॉटेलच्या बाहेर पडता येत नाही. आदल्या संध्याकाळी मात्र राक्षसांच्या भल्यामोठ्या प्रतिमांची वाजतगाजत मिरवणूक असते. येण्या-जाण्याची तिकिटं काढताना हा दिवस वगळायला विसरू नका.

मृतांचा दिवस, मेक्सिको (१ आणि २ नोव्हेंबर). गेलेल्या माणसांना त्यांच्या आवडीचं जेवण मांडून घरी बोलवायचं. आपली सर्वपित्री आठवेल, पण इथे गाणं आणि रंग असतात. सगळीकडे झेंडूच झेंडू. आणि आपण दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडू मूळचा त्याच मुलखातला, तिथूनच तो जगभर गेला. दफनभूमीत कुटुंबं बसलेली असतात, तिथे फोटो काढण्याआधी विचारा. तो त्यांचा घरचा कार्यक्रम आहे.

गणेश चतुर्थी, मॉरिशस. पहिल्यांदा एकटं जाणाऱ्या मराठी माणसाला मी हेच सुचवेन. १८३४ पासून भारतातले मजूर करारावर उसाच्या मळ्यांत राबायला तिथे नेले गेले. त्यांत कोकणातली माणसंही होती. ते ज्या धक्क्यावर उतरले तो आप्रवासी घाट राजधानी पोर्ट लुईमध्ये आहे. २००६ पासून तो जागतिक वारसा स्थळ आहे. त्यांची पुढची पिढी घराबाहेर क्रिओल बोलते, पण गणपती बसवते. कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून नाचली जाते. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते आणि विसर्जन नदीत किंवा समुद्रात होतं. समुद्र, शहर आणि सण तिन्ही एकाच लहानशा बेटावर.

आणि काही वाईट घडलं तर?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. पुण्याची वेदांगी कुलकर्णी जुलै २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून सायकलवर एकटीने निघाली. १४ देश आणि सुमारे २९ हजार किलोमीटर कापून त्याच डिसेंबरमध्ये ती भारतात पोहोचली, तेव्हा ती वीस वर्षांची होती. वाटेत स्पेनमध्ये तिला चाकूचा धाक दाखवून लुटलं गेलं. ती पुढे गेली. पण पुढे जाता येणं हे नुसत्या धाडसाने होत नाही. फोन गेला, पैसे गेले तर पुढचं पाऊल कोणतं, हे आधी ठरलेलं असावं लागतं.

म्हणून निघण्याआधी एक संध्याकाळ घरच्यांसोबत बसा आणि एका कागदावर हे लिहा : विमानांचे नंबर, प्रत्येक मुक्कामाचा पत्ता आणि फोन, प्रवास विम्याचा नंबर, त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा फोन. पासपोर्टची एक प्रत घरी, एक बॅगेत, एक ईमेलमध्ये. पासपोर्ट हरवलाच तर आधी पोलिसांत तक्रार करायची आणि मग दूतावासात जायचं. भारतात परत येण्यापुरतं तातडीचं प्रमाणपत्र तिथे मिळतं. परदेशातल्या भारतीयांच्या तक्रारींसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ हे पोर्टलही २०१५ पासून आहे. व्हिसाचे नियम मात्र सारखे बदलतात. ते मैत्रिणीच्या अनुभवावरून न ठरवता त्या देशाच्या अधिकृत वेबसाइटवरच पाहा.

फोनची वेळही ठरवा. दर तासाला मेसेज करीन असं वचन देऊ नका. एखाद्या वेळी नेटवर्क नसतं आणि घरी देव पाण्यात ठेवले जातात. रोज एकच ठरलेली वेळ ठेवा आणि ती चुकवू नका. त्या वेळेनंतर किती तासांनी काळजी करायची आणि आधी कोणाला फोन करायचा, तेही त्याच कागदावर लिहा.

आणि आईबाबांनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. ‘कोणाबरोबर?’ असं जरूर विचारा, पण तिथे थांबू नका. ‘पहिल्या रात्री कुठे राहणार? समुद्र या महिन्यात कसा असतो? तिथे तेव्हा कोणता सण आहे?’ हेही विचारा. याची उत्तरं तिच्याकडे तयार असतील तर तिने तयारी केली आहे. नसतील तर दोघं मिळून शोधा. नकाशा उघडून एकत्र बसलात की काळजी थोडी कमी होते, आणि तुम्हालाही तो देश थोडा पाहायला मिळतो.

सुरुवात लहान करा. चार-पाच दिवस, जवळचा देश, एखादा सण. समुद्रावर झेंडा पाहून उतरा, शहरात मनासारखं भटका, आणि कोणी हात धरून रांगेत उभं केलं तर नाही म्हणू नका.